स्नो हिलच्या भानगडी

"नाना, त्या पोलिकटचं कळलं का?"

नाना मेंदीच्या कुंपणापलीकडे पाइप धरून अळूला पाणी घालत होते. "कोण पोलिकट? कोपऱ्यावरचा प्लॉट घेतलाय तो?"

"नव्हे हो. स्नो हिलचा. अमेरिकेत, युटामध्ये. गावात दुकान त्याचं, बँक त्याची, आणि वर जस्टिस ऑफ द पीसही तोच. म्हणजे कर्ज देणारा तो आणि निवाडा करणारा पण तोच."

"सोयीचं आहे," नाना म्हणाले आणि पाइप आळ्यात सोडून कुंपणाशी आले. नाना दिवाणी कोर्टात नाझर होते. समन्स, वॉरंट, जप्ती असं काही कानावर पडलं की झाडं वाळली तरी चालतील, माणूस कुंपणाशी हजर.

"आणि एका हाताला अंगठा नाही त्याला."

"कशानं गेला?"

"तेच तर सांगायला आलेय."

काल रात्री धाकट्यानं मला एक सिनेमा लावून दिला आणि स्वतः झोपून गेला. इटालियन लोकांनी काढलेला, पण गोष्ट अमेरिकेतली, काउबॉयची. 'इल ग्रांदे सिलेन्झियो', १९६८ सालचा. इंग्रजीत 'द ग्रेट सायलेन्स'. दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुच्ची. त्या काळात इटलीत काउबॉयपट काढणारे सर्जिओ पैशाला पासरी होते. लिओने एक, सोल्लिमा दुसरा आणि हा तिसरा. याचाच १९६६ चा 'जँगो'. त्यात नायक शवपेटी ओढत गावात येतो आणि सगळीकडे चिखलच चिखल. इथे चिखल नाही, बर्फ आहे. आणि तो शोभेचा नाही हं. घोडा पोटापर्यंत रुततो, माणूस पडला तर उठताना धापा टाकतो. वाळवंट, ऊन, घाम, डोळे बारीक करून बघणारे लोक, यातलं काहीसुद्धा नाही. पहिल्या चित्रात एक काळा ठिपका पांढऱ्यातून हळूहळू पुढे सरकतो, बस.

"काश्मीरला घेतलाय का?"

"इटलीतच. आल्प्समध्ये डोलोमाइट म्हणून डोंगर आहेत, तिथल्या कोर्तिना द'अंपेझो गावाकडे. १९५६ चं हिवाळी ऑलिंपिक झालं ना, तेच. पण गावातला रस्ता, दुकानं वगैरे रोमजवळच्या स्टुडिओत. तिथं कुठला बर्फ? मग दाढीचा फेस आणून ओतला रस्त्यावर. ढिगानं. आणि कडेची हिरवळ दिसू नये म्हणून धूर सोडला."

"दाढीचा फेस!" नाना स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले. "बिल कुणाच्या नावावर टाकलं असेल?"

मी पुढे सरकले, नाहीतर ते तिथेच अडकले असते.

तर असं आहे. स्नो हिलच्या वरच्या रानात गावातलेच लोक लपून बसलेत. दरोडेखोर म्हणायचं, पण कसले दरोडेखोर? घरदार सुटलेलं, पोटात अन्न नाही, थंडीनं काकडतायत. चोरी करतात ती खाण्यासाठी. नवा शेरीफ येतो ना, बर्नेट, त्याला वाटेत गाठून हे लोक काय लुटतात सांगा? पैसे नाही, बंदूक नाही. त्याचा घोडा घेतात आणि कापून खातात. सरकारी अंमलदार चालत निघतो बर्फातून, मग घोडागाडीत जागा मिळते त्याला.

"आणि डोक्यावर इनाम?"

"प्रत्येकाच्या. जिवंत किंवा मेलेला."

"मग जिवंत कोण आणणार, वहिनी? जिवंत माणसाला वाटेत खायला घालावं लागतं."

बघा, नानांना सिनेमा न बघताच कळला. तिथं इनामावर माणसं मारणाऱ्यांची टोळीच आहे. त्यांचा म्होरक्या लोको. इटालियनमध्ये त्याचं नाव टिग्रेरो ठेवलंय, इंग्रजीत लोको. क्लाउस किन्स्कीनं केलाय. अंगावर केसाळ फर, डोक्याला गुंडाळलेली शाल आणि त्यावर पाद्र्यासारखी टोपी. डोळे निळे, आवाज मऊ. हा माणूस ओरडत नाही, रागावत नाही, आणि कुणी उगाच मेला तर त्याला ते आवडतही नाही, कारण उगाच मेलेल्याचे पैसे मिळत नाहीत.

आता ऐका. या लोकोनं माणसं मारून ठेवलीत रस्त्याकडेला, बर्फात पुरून. नासायचा प्रश्न नाही. खूण करून ठेवलेली. गाडी त्या वाटेनं निघाली की हा थांबवतो, खाली उतरतो, बर्फ उकरतो आणि एकेक काढून एसटीच्या टपावर आंब्याच्या पेट्या चढवाव्यात तशी प्रेतं टपावर चढवून घेतो. आत कोण बसलंय? नवा शेरीफ. तो बघतोय. बोलणार काय? कागद आहे प्रत्येकाचा.

"ओळख कुणी पटवायची?" नाना.

"पोलिकट."

"पैसे कोण देणार?"

"पोलिकटच."

"आणि हे लोक दरोडेखोर ठरले कुणामुळे?"

"ओळखा."

नाना हसले नाहीत. निवृत्तीनंतरही त्यांचा एक चेहरा शिल्लक आहे, फाइलमध्ये एक कागद कमी निघाला की व्हायचा तो. तो झाला.

आतून माईंनी विचारलं, "कोण गेलं हो?" मी म्हटलं, "कुणी नाही माई, सिनेमातले." "मग जाऊ देत," म्हणाल्या आणि कुकर लावला.

आता नायक. नाव सायलेन्स, कारण मुका आहे. जन्मतः नव्हे. लहान असताना इनामवाल्यांनी डोळ्यांदेखत बापाला मारलं, आणि पोरानं उद्या साक्ष देऊ नये म्हणून त्याच्या गळ्यावर सुरी फिरवली. त्या कामात पोलिकट होताच. पोरगा मोठा झाला आणि पहिलं काम काय केलं? पोलिकटचा अंगठा उडवला. ही त्याची सवयच आहे. समोरचा शरण आला की त्याला मारत नाही, अंगठा उडवतो. पुन्हा पिस्तुलाचा घोडा ओढायलाच नको.

"नट कोण?"

"जाँ-लुई त्रँतिन्याँ. फ्रेंच. मोठा नट हो. पुढच्याच वर्षी 'झेड' केला आणि त्याबद्दल कान महोत्सवात बक्षीस मिळालं. म्हातारपणी 'आमूर'मध्ये बायकोची शुश्रूषा करणारा नवरा, तोच. इथं आख्ख्या सिनेमात त्याला एकही वाक्य नाही. वाक्यं पाठ करायची नसतील तरच करतो म्हणाला होता, असं सांगतात. आणि मुका नायक ही कल्पना म्हणे मास्त्रोयान्नी या इटालियन नटाची. त्याला काउबॉय व्हायचं होतं पण इंग्रजी येत नव्हतं."

"म्हणजे मुका एक झाला, पोट दुसऱ्याचं भरलं."

त्याच्याकडे पिस्तूलही वेगळं आहे. सहा गोळ्यांचं गरगर फिरणारं नव्हे. जर्मन माउझर, १८९६ चं. म्यान लाकडाचं, ते मागं जोडलं की खांद्याला लावायची बंदूक होते. बाकीचे अजून जुन्या जमान्यात आणि याच्या हातात येणाऱ्या शतकाचं हत्यार. पण खरी गंमत हत्यारात नाही, रीतीत आहे. हा कधी आधी पिस्तूल काढत नाही. समोरच्याला डिवचतो, अपमान करतो, तो चिडून पिस्तुलाला हात घालतो, आणि त्याचा हात गेला रे गेला की हा उडवतो. साक्षीदार भरपूर. सगळ्यांनी पाहिलं, त्यानं आधी काढलं.

"खाजगी बचावाचा हक्क," नाना म्हणाले. "आपल्याकडेही होता की दंडसंहितेत, शहाण्णव कलमापासून पुढं. पण स्वतः कळ काढून मग बचाव केला म्हणता येत नाही, वहिनी. आमच्या साहेबांनी त्याला आत टाकला असता."

"तुमचे साहेब स्नो हिलला नव्हते ना."

"आणि फुकट करतो का हा हे सगळं?"

नेमकं तिथंच बोट ठेवलं. फुकट नाही. पैसे घेतो. पॉलिन नावाची बाई आहे, तिच्या नवऱ्याला लोकोनं मारला. कसा? घरी आला, हिला धरलं, नवऱ्याला हाक मारली, तो बाहेर आला, गोळी. कागद होता. ही विधवा सायलेन्सला म्हणते, लोकोला मार, हजार डॉलर देते. आणि हजार डॉलर आणायचे कुठून तर घर विकून. आणि घर विकत घेणारा गावात एकच. पुन्हा पोलिकट, आणि त्याची नजर घरावर कमी, बाईवर जास्त. म्हणजे त्या गावात काहीही करायचं म्हटलं, सूड घ्यायचा म्हटला तरी, त्याच माणसाच्या गल्ल्यावरून जावं लागतं. मला सगळ्यात थंडी तिथं वाजली.

पॉलिन म्हणजे व्होनेटा मॅगी. काळी मुलगी, सॅन फ्रान्सिस्कोची, इटलीत येऊन नुकतीच पडद्यावर आलेली. १९६८ साली काउबॉयपटात नायिका काळी, नायक गोरा, आणि त्यांचं प्रेमही दाखवलंय, अगदी हळुवार, मोरिकोनेच्या संगीतावर. हो, संगीत मोरिकोनेचं. पण शिट्ट्या आणि चाबकाचे आवाज विसरा. इथं त्यानं असं काही वाजवलंय की बर्फ पडतोय का कुणी लांबून रडतंय ते कळत नाही. पुढं २०१६ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं ते टॅरंटिनोच्या 'द हेटफुल एट'साठी. तोही बर्फातलाच, तोही इनामवाल्यांचा. टॅरंटिनोनं कोर्बुच्चीकडून किती उचललंय हे दोन्ही बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

"लोको मग काढतो का पिस्तूल?"

"नाही! तीच तर मेख आहे. सायलेन्स त्याला भर गुत्त्यात डिवचतो. दुसरा कुणी असता तर गेला असता. लोको काय करतो, पिस्तुलाला हातच घालत नाही. गुद्दागुद्दीवर येतो, मार खातो."

"कायदा त्याला जास्त कळतो."

"तेच. मार खाऊन शेवटी संयम सुटतो, तेवढ्यात शेरीफ पकडतो त्याला. मला वाटलं, आता लागलं सगळं मार्गी."

हा शेरीफ बर्नेट भला माणूस आहे. गव्हर्नरला लोकांना माफी द्यायची आहे, तोवर गोळीबार नको, म्हणून पाठवलाय. रानातल्या लोकांना सांगतो, गावात या, खायला मिळेल. फ्रँक वुल्फ नावाच्या नटानं केलाय, जरा विनोदी, जरा बावळट, पण हाडाचा सरळ. सेटवर किन्स्की त्याला ज्यू म्हणून काहीतरी घाण बोलला म्हणे, तर वुल्फनं त्याचा गळाच धरला, लोकांनी सोडवलं. मग दोघं बोलतच नव्हते. किन्स्कीनं नंतर सांगितलं, मी मुद्दाम बोललो, त्याला भूमिकेत राग यावा म्हणून. असल्या माणसाच्या शेजारी घर नको बाई.

तर शेरीफ लोकोला बेड्या घालून तुरुंगाकडं निघतो. वाटेत गोठलेलं तळं. लोको म्हणतो, जरा लघवीला जाऊन येतो. हा सोडतो.

"अरे अरे अरे," नाना कुंपणावर ओणवले. "आरोपीला एकट्याला सोडतात का कधी?"

"सोडला. लोकोनं तिथं हत्यार दडवलेलं. शेरीफवर गोळी नाही झाडली, त्याच्या पायाखालच्या बर्फावर झाडली. बर्फ फुटला, घोड्यावरचा माणूस खाली. वर पाणी पुन्हा स्तब्ध."

"म्हणजे खुनाचा पुरावाही नाही. बुडून मृत्यू."

नाना गप्प झाले. मग त्यांना एकदम जेसी जेम्स आठवला. नानांचं वाचन असं कुठंही निघतं. १८८२ साली मिझुरीत जेसी जेम्सवर गव्हर्नरनं इनाम लावलेलं. त्याच्याच टोळीतला बॉब फोर्ड घरात बसून होता, जेसी भिंतीवरची तसबीर नीट करायला वळला आणि यानं मागून गोळी घातली. फोर्डनं गुन्हा कबूल केला, फाशीची शिक्षा झाली, आणि त्याच दिवशी गव्हर्नरनं माफी दिली. "एका दिवसात दोन्ही कागद!" नाना म्हणाले. "आमच्याकडं नक्कल मिळायला आठवडा लागायचा." मग म्हणाले, "इनामाला खरं उत्तर दिलं ते आपल्या वासुदेव बळवंतांनी. सरकारनं त्यांच्यावर इनाम लावलं, त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्याच डोक्यावर लावलं."

"शेवट सांगू का?" मी विचारलं. "सांगितला तर बघणार नाही तुम्ही."

"वहिनी, दहानंतर माझे डोळे मिटतात. सांगा."

रानातली माणसं शेरीफच्या शब्दावर गावात आली. शेरीफ तर तळ्यात. लोकोनं सगळ्यांना गुत्त्यात बांधून ठेवलं आणि सायलेन्सला निरोप धाडला: ये, नाहीतर यांना मारतो. इकडं सायलेन्सची काय अवस्था? पोलिकट आणि त्याचा माणूस मार्टिन पॉलिनच्या घरात घुसले होते, झटापटीत याचा उजवा हात निखाऱ्यात धरून जाळला. त्यानं दोघांनाही संपवलं, पण हात गेला. पॉलिन म्हणते, जाऊ नकोस, हा सापळा आहे. तो जातो. रात्र, बर्फ, गुत्त्याच्या दारातून पिवळा उजेड. मला पक्कं माहीत होतं, आता काहीतरी होणार. काउबॉयपट आहे, होतंच.

खिडकीतून लोकोच्या माणसानं याच्या चांगल्या हातावर गोळी घातली. मग लोको दारात आला. समोर दोन्ही हात गेलेला माणूस. तरी लोको थांबतो, त्याचा हात पिस्तुलाकडं जायची वाट बघतो, हे लक्षात ठेवा. सायलेन्सची रीत सायलेन्सवरच. हात हलला, आणि लोकोनं गोळी घातली. पॉलिन धावली, तिनं पिस्तूल उचललं, तिलाही. मग आत जाऊन बांधलेल्या सगळ्यांना. सगळं आटोपल्यावर लोको तिच्या हातातून ते माउझर काढून घेतो, बरं दिसतंय म्हणून, आणि साथीदारांना सांगतो की प्रेतं नंतर नेऊ, सगळं कायद्यानुसारच झालंय.

"आणि?"

"आणि काय? निघून गेले घोड्यावरून. संपला."

"कुणीच येत नाही?"

"कुणीच नाही."

नानांनी पाइप बंद केला. त्यांना ते पटेना. सिनेमात शेवटी कुणीतरी यायला हवं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तुमच्यासारखेच निर्माते होते. त्यांनी कोर्बुच्चीकडून दुसरा शेवट करून घेतला. त्यात बुडालेला शेरीफ परत येतो, धडधडीत घोड्यावर बसून, आणि लोकोला उडवतो. सायलेन्स तर जखमी हातावरची पट्टी सोडून दाखवतो, आत लोखंडी पंजा! त्यामुळं वाचला. सगळे सुटतात. ती फीत अजून आहे, फक्त आवाज नाही तिला. मी तीही बघितली. इतकं खोटं वाटलं ना, म्हणजे शेरीफ हसतोय आणि आपल्यालाच लाज वाटते. कोर्बुच्चीनंही ते मन लावून केलेलं नाही हे उघड आहे. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. माल्कम एक्सला १९६५ मध्ये मारलं, चे गेव्हाराला १९६७ मध्ये पकडून मारलं, त्या मरणांवरून हा सिनेमा सुचला, असं त्यानं सांगितलंय. ते लोक परत आले नाहीत घोड्यावरून.

"अहो पण 'शोले'!" नाना एकदम म्हणाले. "तिथंही हेच झालं."

खरंच की. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'शोले'वर या इटालियन काउबॉयपटांची छाया आहे हे सगळेच सांगतात. ठाकूरच्या घरातल्यांना मारण्याचा प्रसंग तर लिओनेकडूनच आलेला. पण नाना बोलत होते ते शेवटाबद्दल. १९७५, आणीबाणी. रमेश सिप्पींनी घेतलेल्या शेवटात हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉर म्हणालं, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नाही. मग पोलीस आणले, शेवटच्या क्षणी, आणि गब्बरला कायद्याच्या हवाली केलं.

"हात तोडलेला ठाकूर," नाना म्हणाले, "आणि हात जळलेला तुमचा मुका."

"आणि इकडं खिळ्यांचे बूट, तिकडं लोखंडी पंजा."

"फक्त आमच्या सेन्सॉरला वाटलं कायदा आला की सुटले सगळे. तुमच्या इटालियनाकडं कायदाच आत बसून पैसे मोजतोय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला रात्रभर जे नीट सांगता येईना ते यांनी सिनेमा न बघता, अळूच्या आळ्यात उभं राहून सांगितलं. लोको मला सगळ्यात भयंकर का वाटला? क्रूर आहे म्हणून नाही, क्रूर तर गब्बरही. गब्बरला माहीत असतं की आपण गुन्हेगार आहोत, त्यात त्याला मौज वाटते. लोकोला तसं वाटतच नाही. त्याचं काम आहे, दर ठरलेला आहे, माल पोचवला की हिशेब पुरा. रात्री त्याला झोप लागत असणार.

अमेरिकेत हा सिनेमा तेव्हा लागलाच नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या झॅनक साहेबांना दाखवला तर शेवट बघून ते इतके भडकले की सिगार गिळायची वेळ आली, असा किस्सा आहे. तिकडच्या थिएटरात रीतसर आला तो २०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी.

माईंनी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा वरच्या पट्टीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. नाना वळले, दोन पावलं गेले आणि पुन्हा कुंपणाशी आले.

"वहिनी, एक सांगा. पोलिकट आधीच मेला ना?"

"हो. मार्टिनबरोबर."

"मग त्या लोकोला शेवटच्या प्रेतांचे पैसे दिले कुणी? सही कुणाची?"

"ते सिनेमात नाही, नाना."

"असं कसं नाही? ओळख पटवणारा नाही, रोकड देणारा नाही, शेरीफ तळ्यात. अडकलं त्याचं बिल. धाकट्याला विचारा, दुसरा भाग आहे का."